मामांची हिरवी वीट

रांग म्हणजे जनतेच्या आयुष्यावर घातलेला दरोडा आहे. हे वाक्य माझं आहे. नागरिकांच्या प्रश्नांवर लढणाऱ्या आमच्या छोट्या गटाच्या पहिल्या पत्रकावर ते ठळक अक्षरांत छापलं होतं आणि ते पत्रक मी क्रांती चौकात भर उन्हात स्वतःच्या हातानं वाटलं होतं. त्यातला एकही शब्द मी आजही मागं घेत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून माझ्याबद्दल कुणाचाही गैरसमज होईल.

ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याला रांग आवडायची. नाइलाज म्हणून चालवून घ्यायचा असं नव्हे. आवडायची. एखाद्याला तमाशा आवडतो, एखाद्याला कबुतरं पाळायला आवडतात, तशी.

सगळे त्यांना मामा म्हणायचे. साठीच्या अलीकडचे की पलीकडचे ते त्यांनाही माहीत नव्हतं. रिक्षा चालवायचे. लहानपण पाचोडच्या बाजूला मेंढरांमागं गेलेलं. घरात पिढ्यान् पिढ्या तोच धंदा. पुढं शहरात येऊन रिक्षा घेतली तरी मनानं ते मेंढरांतून बाहेर आलेच नव्हते. रिक्षाला ते ‘मेंढी’ म्हणत. थट्टेनं नाही, अगदी सरळ. इंधन भरायला निघाले की ‘मेंढीला पाजून येतो’. स्टेशनकडून येताना चढावर ती दमली की रिक्षा बाजूला घेऊन खाली उतरायचे आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. आत सवारी बसलेली असली तरी.

“मामा, मला उशीर होतोय.”

“तुमाला व्हतोय. हिला धाप लागलीय.”

आमच्या शहरात जेवढी इंधनं आली तेवढी सगळी मामांनी त्या मेंढीला पाजली. आधी पेट्रोल. मग एलपीजीची टाकी. मग सीएनजी आला तेव्हा सीएनजी. मधल्या काळात त्यांनी एका मित्राच्या डिझेल टेम्पोवरही हात चालवला. भज्यांच्या गाडीवरचं उरलेलं तेल फडक्यानं तीनदा गाळून टाकीत ओतलं. टेम्पो चालला. उत्तम चालला. तक्रार इंजिनाची नव्हतीच. तक्रार अशी होती की त्या टेम्पोच्या मागं जो लागेल त्याला भूक लागायची. जालना रोडला सिग्नलवर टेम्पो उभा राहिला की मागचे मोटारसायकलवाले इकडंतिकडं बघायला लागायचे. मित्राची बायको तर रोज नवऱ्याचा शर्ट हुंगायची. “खरं सांगा, कुठं खाऊन आलात? अन् माझ्यासाठी का आणलं नाही?” चार दिवसांत प्रयोग बंद पडला.

“इंजिन राजी व्हतं,” मामा म्हणायचे, “घरचे राजी नव्हते.”

माझी त्यांची ओळख झाली ती सीएनजीच्या रांगेत. सीएनजी आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, स्वच्छ हवा, स्वस्त प्रवास वगैरे. पंप किती लागतील याचा विचार कुणी करायचा? कुणीच केला नाही. परिणामी शहराबाहेरच्या एका पंपावर सकाळी उजाडल्यापासून रिक्षांची रांग लागायची ती दुपारपर्यंत हलायची नाही. गॅसची गाडी कधी येणार ते पंपवाल्यालाही माहीत नसायचं. आली तर प्रेशर नसायचं. नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजायची सवय असलेलं शहर आहे आमचं, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मला वाटत होतं. मी ध्वनिक्षेपक घेऊन रांगेच्या मध्ये उभी राहिले आणि विचारलं, “बांधवांनो, रोज तुमचे किती तास वाया जातात?”

पुढच्या रिक्षेतून एक डोकं बाहेर आलं.

“वाया कुटं जायलेत? तू आलीस नव्हं आता. बस. च्या येतोय.”

ते मामा. तेव्हापासून माझं नाव ‘पत्रकवाली’ पडलं.

त्या रांगेचं एक शास्त्र होतं आणि ते मामांनी घडवलं होतं. रांगेत असताना कुणाला मध्येच शाळेची मुलं सोडायला जावं लागलं, तर आपल्या जागेवर खूण ठेवून जायचं. कुणाची पाण्याची बाटली, कुणाचा जुना टायर, एकाची एकच चप्पल. मामांची खूण म्हणजे पिवळी रंगवलेली अर्धी वीट. ती कायम सीटखाली असायची. रांग पुढं सरकली की मागच्या माणसानं पुढच्याची खूणही पुढं सरकवायची. खूण ओलांडायची नाही. एकदा एका नव्या रिक्षावाल्यानं ती वीट पायानं बाजूला ढकलली आणि पुढं घुसला. मामा परत आले. विटेवरची धूळ पुसली आणि तिला म्हणाले, “लागलं का गं?” तो माणूस आपण होऊन शेवटी जाऊन उभा राहिला.

न्हावी रांगेत येऊन दाढ्या करायचा. कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणाच्या मुलीला स्थळ बघायचंय, सगळं तिथं कळायचं. “ह्या लायनीत दोन लग्नं जमली अन् एक मोडलं,” मामा अभिमानानं सांगायचे. “मोडलं ते बी बरंच झालं. पोरगा बेकार व्हता.”

आता माझं काम काय होतं? या माणसाला त्या रांगेतून सोडवणं. जुनं इंजिन काढून रिक्षेला मोटर आणि बॅटरी बसवून देणारी एक योजना होती आणि आमच्या गटाला शहरातला पहिला रिक्षावाला हवा होता, ज्याला सगळे ओळखतात असा. मी चार महिने मामांच्या मागं लागले. धूर नाही म्हटलं. आवाज नाही म्हटलं. “आवाज नाय म्हंजे? मंग जित्ती हाय का मेली ते कळावं कसं?” फुप्फुसांची चित्रं दाखवली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली. शेवटी वैतागून मी खरं ते सांगून टाकलं.

“मामा, एकच तोटा आहे. चार्जिंगला वेळ लागतो. तीन-चार तास गाडी उभी ठेवावी लागते.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

“चार तास? एका जागी?”

“हो.”

“अन् आपण तितंच बसायचं?”

“बसावं लागतं, मामा. म्हणून तर म्हणतेय, तोटा—”

“अगं मंग हे आदी नाय का बोलायचं! चार महिने झाले धूर धूर करायलीस. मेंढी रवंथ करती म्हन की सरळ!”

पुढच्याच आठवड्यात इंजिन निघालं आणि भंगारात गेलं. मेंढीला विजेच्या गाडीची हिरवी नंबरपाटी लागली. मामांनी उरलेला हिरवा रंग आणून विटेलाही दिला.

आम्ही लगेच पत्रक काढलं. वर मामांचा फोटो, हिरव्या पाटीशेजारी छाती काढून उभे. खाली मोठ्या अक्षरांत: ‘मी रांगेतून सुटलो!’ मी पहिला गठ्ठा घेऊन त्याच सीएनजी पंपावर गेले, कारण तिथं आमचा खरा वाचक होता. पहिल्या सहा रिक्षांत पत्रकं दिली. सातव्या रिक्षेत हात घातला तर आत मामा.

आधीच्या रिक्षेतले सलीमभाई पत्रक आणि मामा आलटूनपालटून बघत होते. सलीमभाई म्हणजे मामांचे या रांगेतले सगळ्यात जुने सोबती. ते मागं वळून ओरडले, “देखो भाई, छूट गए मामू! सातवें नंबर पे छूटे!”

मी म्हटलं, “मामा, तुमच्या गाडीला आता टाकी नाही.”

“नाय.”

“गॅस लागत नाही.”

“अजिबात नाय. लई भारी काम झालं बघ तुझं.”

“मग इथं काय करायलात?”

“म्हंजे काय? नंबर लागलाय माझा.”

आणि खरोखर, दोन तासांनी त्यांचा नंबर आला तेव्हा ते गाडी घेऊन मशीनपर्यंत गेले. गॅस भरणाऱ्या बाईनं नळी हातात घेतली, हिरवी पाटी बघितली, रिक्षेला एक चक्कर मारली. “मामा, भरू कुठं?” “नगं. झालं. राम राम,” असं म्हणून मामा निघून गेले. मागच्या एकानंही तक्रार केली नाही. मी मात्र उरलेली पत्रकं घेऊन तिथंच, सगळ्या रांगेसमोर रडले. संतापानं. त्या पत्रकासाठी आम्ही दोन रविवार वर्गणीचा डबा फिरवला होता.

आता गंभीर गोष्ट. मामांची खोली मुकुंदवाडीत, एका गल्लीच्या टोकाला. तिथं पहिल्या संध्याकाळी त्यांनी मेंढीला चार्जिंगला लावलं आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका टीव्हीवरची मालिका बुडाल्याबद्दल एकत्र येऊन बोलून गेल्या, आणि मामांनी वायर गुंडाळून ठेवली ती ठेवलीच. म्हणजे त्यांचा सगळा भरवसा आता क्रांती चौकाजवळच्या चार्जिंग मशीनवर. ते मशीन बसावं म्हणून आमच्या गटानं दोन वर्षं निवेदनं दिली होती, एकदा रस्त्यावर बसलोही होतो. बसलं एकदाचं. रिक्षा स्टँडच्या कोपऱ्यात, वर छोटा पत्रा, खाली स्वच्छ फरशी. आणि तिथं मामांशिवाय कुणी येईना.

विजेच्या रिक्षा शहरात नव्हत्या असं नाही. बऱ्याच होत्या. पण ते लोक घरच्या खिडकीतून वायर सोडून चार्ज करायचे. मी एकेकाला गाठून विचारलं. एक म्हणाला मशीन शॉक देतं. एक म्हणाला मशीन उलटी बॅटरी पिऊन टाकतं. गारखेड्याचा एकजण खरं बोलला: “ताई, तिथं कुणीच नसतं. चांगलं असतं तर रिकामं पडलं असतं का?”

महिना संपत आला तेव्हा ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत ते मशीन होतं तिथल्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की वापर नाही, सबब मशीन दुसऱ्या गावाला हलवणार. सोमवारी येऊन पाहणी करतो, तेव्हा हीच परिस्थिती असेल तर मंगळवारी गाडी येईल. मी निषेध नोंदवला. त्यांनी तो नोंदवून घेतला.

मामांना सांगायला गेले तेव्हा मेंढी चार्जिंगला होती आणि ते फरशीवर एकटे बसले होते. आजूबाजूला कुणी नाही, चहा नाही, न्हावी नाही. चेहरा बघवत नव्हता. मी सगळं सांगितलं. त्यांनी मशीनच्या बारीक दिव्यावरची धूळ बोटानं पुसली.

“इंजिन तर भंगारात गेलं,” ते म्हणाले. “तू म्हणलीस म्हणून काढलं, पत्रकवाली.”

एवढंच. पुन्हा कधी त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही, पण मला ते अजून ऐकू येतं. मशीन गेलं तर या माणसाची रिक्षा म्हणजे तीन चाकांवरचं कपाट होणार होतं आणि ते कपाट मी बनवलं होतं.

त्या दोन दिवसांत मी मला जे येतं ते केलं. पत्रक काढलं. ‘रांग नाही! थांबणं नाही! गर्दी नाही! आजच या!’ शनिवारी हजारभर वाटली. रविवारी सकाळी मशीनपाशी मी, मामा आणि एक कुत्रं.

मामांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा शोधला, सापडला नाही, मला वाचायला लावलं. ऐकून कपाळावर हात मारला.

“ह्यानंच कुणी येईना. तू सगळ्या गावाला सांगायलीस की हितं कुणीबी येत नाय!”

“मामा, रांग नसणं हा फायदा असतो.”

“कुणाचा? हे बघ. आमी नव्या तळ्यावर मेंढरं न्यायचो. नुसतं पाणी दाखवलं तर एक बी खाली उतरायचं नाय. तान्हेली असली तरी नाय. आमचा बाप काय करायचा, रातच्यापासून दोन मेंढरं काठाला बांधून ठिवायचा. सकाळी कळपाला दिसलं की दोघी पियाल्यात, की मंग अशी रेटारेटी, की बाप सोता पाण्यात.”

“माणसं मेंढरं नाहीत,” मी म्हणाले. हे आमच्या तिसऱ्या पत्रकाचं शीर्षकही होतं.

“नसत्यात,” मामा म्हणाले. “मेंढरं नंबरावरनं भांडत नायत. उद्या सकाळी ये.”

सोमवारी सकाळी मी पोचले तर चार्जिंग मशीनपासून मुख्य रस्त्यापर्यंत रांग लागलेली होती. पहिली मेंढी. तिच्यामागं सलीमभाईंची सीएनजी रिक्षा. तिच्यामागं आणखी आठ सीएनजी रिक्षा. एक पेट्रोलची. एक डिझेल टेम्पो, तोच, भज्यांचा. एक भाजीची हातगाडी. सायकल धरून उभा असलेला एक पेन्शनर. न्हावी आला होता. चहा फिरत होता. आणि या सगळ्यांत विजेवर चालणारी गाडी फक्त एक होती, पहिली.

मी मामांना बाजूला ओढलं. “ही फसवणूक आहे! आपण साहेबांना खोटं दाखवतोय.”

“खोटं काय हाय ह्यात? माणसं खरी हायेत. उभी खरी हायेत. टाइम बी खराच चाललाय.”

“पण यातला एकही चार्जिंग करू शकत नाही!”

“म्या सीएनजीच्या लायनीत उभा व्हतो तवा कुटं गॅस भरू शकत व्हतो? तवा तर तू फसवणूक म्हणली न्हाईस. रडली फकस्त.”

मी रांगेच्या कडेला जाऊन उभी राहिले.

दहाच्या सुमाराला एक विजेची रिक्षा चौकातून जाता जाता थांबली. तोच गारखेड्याचा. मान लांब करून त्यानं विचारलं, “काय मिळायलंय?” कुणी काही सांगितलं नाही. मामांनी आधीच बजावलं होतं, सांगायचं नाही. त्यानं एक मिनिट विचार केला आणि पेन्शनरच्या मागं नंबर लावला. मग दुसरा आला. तिसऱ्यानं मध्येच घुसायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्यानं त्याची कॉलर धरली. “म्या आदी आलोय!” “तू कुठला आदी, मी वळलो तवा तू सिग्नलला होतास!” चांगलीच जुंपली. मामा मेंढीला टेकून डोळे मिटून ऐकत होते, भजन ऐकावं तसे.

“झालं,” ते म्हणाले. “आता ही लाईन खरी झाली.”

साहेब आले तेव्हा सतरा नंबर लागले होते आणि वाहतूक पोलीस बाई शिट्टी वाजवून दमल्या होत्या. साहेब गाडीतून उतरून रांगेच्या कडेकडेनं चालत आले. माझ्या हातात ‘रांग नाही!’चा गठ्ठा होता. तो मी पाठीमागं लपवला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं पत्रक अधिकाऱ्यापासून लपवलं, ते वाचलं जाईल या भीतीनं.

साहेब सलीमभाईंपाशी थांबले. त्यांना नंबरपाटीचा रंग कळत होता.

“तुमची तर गॅसची गाडी आहे. तुम्ही इथं कशाला?”

मामांनी डोळे उघडले. सलीमभाईंनी घसा साफ केला.

“साब, नंबर लगा के रखेला हूँ. गाडी बाद में लेता ना. अब्बी गाडी लेके आया, और फिर नंबर लगाया, तो मेरा नंबर कब आता?”

साहेबांनी मागं वळून ती रांग पुन्हा एकदा पाहिली, भाजीच्या गाडीसकट, आणि सोबतच्या कारकुनाला म्हणाले, “लिहा. भविष्यातील मागणी मोठी आहे.”

मशीन हललं नाही. मंगळवारी गाडी आली नाही. आणि पुढं जे झालं ते माझ्या कुठल्याच पत्रकात बसत नाही. गारखेड्याचा रोज यायला लागला. त्याच्या मागं मुकुंदवाडीचे, टीव्ही सेंटर भागातले. खिडकीतल्या वायरी गुंडाळल्या गेल्या. सलीमभाईंनी दीड महिन्यानं खरोखर विजेची रिक्षा घेतली. मी आनंदानं पेढे घेऊन गेले आणि विचारलं, शेवटी काय पटलं तुम्हाला? हवा? खर्च? त्यांनी पेढा तोंडात टाकला.

“ताई, नंबर आ गया था ना मेरा. दो बार तो टाल दिया. तिसरे बार गाडी नक्को क्या? बेइज्जती हो जाती.”

गेल्या पावसाळ्यानंतर मामांचे गुडघे गेले. मेंढी सलीमभाईंच्या भावाला देऊन ते पाचोडला धाकट्या भावाकडं राहायला गेले. मी मध्ये फोन केला होता. तब्येत बरी आहे. नातवंडं आहेत. अंगणात कडुनिंब आहे. “सगळं हाय,” ते म्हणाले, “पण हितं लाईनच नाय गं कशाची. बाजाराच्या दिवशी दळणाच्या गिरणीपुढं जाऊन बसतो जरा. पीठ नसतं न्यायचं. बसतो आपलं.”

जाताना ते वीट न्यायला विसरले. किंवा विसरले नाहीत.

आमच्या गटाची सध्याची मागणी आहे: क्रांती चौकात आणखी दोन चार्जिंग मशीन तातडीनं बसवा, रिक्षाचालकांचे तास वाचवा, रांग हटवा. मागणी रास्त आहे आणि ती मान्य होईपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही. त्याच्या सह्या गोळा करायला मी परवा सकाळी तिथं गेले. रांगेच्या मध्यावर, दोन रिक्षांच्या बरोबर मधे, पूर्ण एका रिक्षेची जागा सोडून ती हिरवी वीट ठेवलेली होती. गर्दी वाढल्यापासून एकेकानं वीसच मिनिटं चार्जिंग करायचं असा रांगेचा नियम होता. रांग हलली. मागच्या रिक्षावाल्यानं मला हाक मारली.

“ओ ताई, उभ्याच हाव तर मामाला जरा पुढं घ्या की.”

मी वीट पुढं सरकवली. सह्या घेत राहिले. पुन्हा सरकवली. तासाभरानं वीट मशीनपर्यंत पोचली. सगळे थांबले. सलीमभाई पुढं झाले, मशीनची वायर हातात घेऊन दोन मिनिटं विटेशेजारी उभे राहिले आणि मग म्हणाले, “हौ. हो गया मामू का.” एवढ्या वेळात मशीन मोकळं, माणसं खोळंबलेली, धंद्याची वेळ. मी हिशेब सांगून भांडणार होते. दिवसातून तीनदा, रोज, किती मिनिटं होतात? तोंड उघडलंही होतं.

पण वीट कुणीतरी उचलायला हवी होती. मी उचलली, शेवटी नेली आणि शेवटच्या रिक्षेमागं अंतर सोडून ठेवली. तेवढ्यात एक नवी कोरी विजेची रिक्षा येऊन विटेच्या मागं थांबली. आतला माणूस मला अनोळखी होता.

“ताई, माझ्यापुढं किती नंबर हायेत?”

मी पुढं बघून मोजलं. सहा रिक्षा होत्या.

“सात,” मी म्हणाले.